आत कोण आसा?

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. दिवाळीत तू खोलीला कडी लावून झोपलीस आणि रात्री दोन वाजता मी दार बडवून घर डोक्यावर घेतलं. तू घाबरून दार उघडलंस, मी एक शब्द न बोलता निघून गेलो. सकाळी चहा घेताना तू म्हणालीस, "बाबा, मी बावीस वर्षांची आहे." खरं आहे. तेव्हा उत्तर सुचलं नाही. समोर बसून बोलणं आपल्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही, म्हणून लिहितो.

आपल्या घरात दारांना कड्या आहेत, कोयंडे आहेत, पुढच्या दाराला पणजोबांच्या काळचा फणसाचा अडसर आहे. वापर कशाचाच नाही. न्हाणीच्या दारावर आजीचं लुगडं टाकलेलं दिसलं की आत बाई आहे असं समजायचं, पंचा असला तर पुरुष. मुंबईचे पाहुणे आले की त्यांची पंचाईत. तुझ्या आईने लग्नानंतर पहिले आठ दिवस आंघोळ कशी केली, ते तिलाच विचार.

हे सगळं आबांचं. ते नौदलाच्या 'खुकरी' जहाजावर होते एवढं तुला ठाऊक आहे. २०२३ साली ४ डिसेंबरला नौदल दिन तारकर्लीला झाला, आपण देवगडहून लवकर निघून वाळूत जागा धरली होती. १९७१ च्या त्या तारखेला आपल्या बोटींनी कराचीवर क्षेपणास्त्रं डागली, त्याचा तो दिवस. तू टाळ्या वाजवल्यास, मीही वाजवल्या. पण आपल्या घरातली तारीख ९ ची. पाचच दिवसांनी, रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. ६७ जण वाचले, त्यांत आबा.

मी तेव्हा चार वर्षांचा. बुडाल्याची बातमी वाडीत रेडिओवरून आली, तार त्यानंतर. पोस्टमन खळ्यात उभा, आणि तार हातात घ्यायला कोणी पुढे होईना. आजी तुळशीपाशी बसूनच राहिली. शेवटी शाळेच्या मास्तरांनी फोडून वाचली: जिवंत, मुंबईला इस्पितळात. आजी तरीही उठली नाही. पाय गेले होते म्हणे.

आबांना कुणी विचारलं तर ते एवढंच सांगत, "पाणी लय थंड होता." दीवच्या टेकडीवर स्मारक झालं, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवली, त्याचा पेपरातला फोटो मी त्यांना दाखवला. जाऊया का म्हटलं. बराच वेळ फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काचेत कित्याक घातल्यानी?" पुन्हा तो विषय निघाला नाही.

पण रात्री ते उठत. अनवाणी, हातात टॉर्च, ती कधी पेटवत नसत. ओटी, माजघर, मागची खोली. प्रत्येक दारावर दोन बोटांनी टकटक आणि हळू आवाजात, "आत कोण आसा?" आम्ही झोपेतच नाव सांगायचं. नाव ऐकलं की पावलं पुढच्या दाराकडे. आम्हा पोरांना वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. मे महिन्यात आलेल्या एका आतेभावाने गंमत म्हणून कडी लावली आणि आवाजच दिला नाही. आबांनी खांद्याने दार पाडलं. तुझ्या खोलीचं दार खालून अर्धा इंच घासतं ना, पावसाळ्यात तर उचलून लावावं लागतं? ते तेच दार. मला वाटतं त्यांनी मुद्दामच नीट करू दिलं नाही, पण हा माझा तर्क.

आबा गेल्यावर आजीने एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. जेवण उरकून ते वाऱ्याला वर आले होते, म्हणून वाचले. जहाज कलंडलं तेव्हा ते एका पोलादी दारापाशी होते. दार वाकून गच्च बसलं होतं आणि आतून कोणीतरी ठोकत होतं. त्यांनी हात लावला. मग पाणी आलं. कोण होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "नाव तरी इचारूक होया हुता," असं म्हणायचे, आजी म्हणाली, आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

आता माझं. मी जहाजावर चढलोय तो रेवस-भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर. तीस वर्षं भूगोल शिकवला. तरी लॉजवर उतरलो की कडी न लावता दाराला खुर्ची टेकवतो. आणि आबा गेले त्या वर्षापासून दोनला जाग येते. उठतो, दारं नुसती लोटून बघतो. तुम्हाला कळूही नये असं. दिवाळीत तुझं दार लोटलं आणि ते हललं नाही. पुढचं मला धड आठवत नाही, तुझा चेहरा तेवढा आठवतो.

पुण्यात खोलीला कडी लावतेस ते बरोबरच आहे, दोन लाव. इथेही काल सुताराला बोलावलं. त्याने दार रंधून घेतलं, जुनी गंजकी कडी काढली, पितळेची नवी बसवली. आतून. चांगली खटकन लागते, मी स्वतः आत बसून लावून पाहिली. फार वेळ नाही बसलो.

शिमग्याला येशील तेव्हा खुशाल लावून झोप. फक्त रात्री दोन बोटांनी वाजलं तर उठू नकोस, दार उघडू नकोस, आतूनच "मी आसंय" म्हण. तेवढ्यावर मी जाईन.

आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलंय, शेजारचा मुलगा शनिवारी घेऊन येतोय. डबा परत पाठव.

तुझे
बाबा