आर्नोस व्हेलला जाताना

ब्रिस्टल

ती. काकांना सा. न.,

सप्टेंबरात येताय, तर एक रविवार आर्नोस व्हेलच्या दफनभूमीसाठी राखून ठेवा. 27 तारखेच्या आसपासच्या रविवारी तिथे राजा राममोहन रॉय यांचं स्मरण होतं. टेंपल मीड्स स्टेशनवरून बाथ रोडने चालत अर्धा तासही लागत नाही, प्रवेश मोफत. बाथ रोडच्या फाटकातून शिरलात की त्यांच्या समाधीवरची छत्री जवळच आहे.

राजे 27 सप्टेंबर 1833 ला ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनला मेंदूज्वराने गेले. तेव्हा इंग्लंडात दहनाची सोयच नव्हती. वोकिंगला पहिलं दहन झालं ते 1885 मध्ये. त्यामुळे यजमानांच्या बागेत दफन झालं. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ यांनी 1843 मध्ये देह इथे आणवला आणि विल्यम प्रिन्सेपच्या आराखड्यावरून छत्री उभी केली. समाधीवरचा कोरीव लेख 1872 चा. त्यात जन्मसाल 1774 दिसेल, आपल्याकडे बहुधा 1772 छापतात. तो वाद जुनाच आहे.

ब्रिस्टलच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर यांची कबरही इथेच. 1866 मध्ये त्या भारतात आल्या आणि मुलींसाठी शिक्षिका घडवणाऱ्या शाळा हव्यात म्हणून सरकारच्या मागे लागल्या. त्यांना फूल वाहिल्याशिवाय परतू नका.

जुने लेख वाचायचे तर ऊन तिरपं असताना जा, किंवा बॅटरी बाजूने धरा. समोरून प्रकाश पडला की अक्षरं सपाट दिसतात. संगमरवरावर काही ठिकाणी शिशाची अक्षरं बसवलेली असतात. ती गळाली तरी मागे बारीक भोकं उरतात, त्यांच्या रांगेवरून अक्षर जुळवता येतं.

आयव्हीचा वेल ओढू नका. त्याची मुळं सांध्यांत शिरलेली असतात, वेलाबरोबर दगडाचा पापुद्रा निघतो. जाणकार तो बुंध्याशी कापून वाळू देतात. कलंडलेल्या दगडाला टेकू नका. आतली लोखंडी खीळ गंजून फुगते आणि दगड फोडते. दुरुस्तीला चुनाच हवा, सिमेंट ओल आत कोंडतं. आपल्याकडच्या समाध्यांचंही हेच होतं, तरी सर्रास सिमेंट भरतात!

फुलं पायरीवर ठेवा. हळदकुंकू, तेल दगडाला लावू नका, असा सच्छिद्र दगड ते शोषतो आणि डाग निघत नाही. वरच्या वाटा चढाच्या, पावसात निसरड्या. काकूंना पकड असलेले बूट घालायला सांगा.

तुमचा,
मंदार