परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पहिल्या तिमाहीचा हिशेब मी बारकाईने वाचला. विक्री दर महिन्याला वाढते आहे, उधारी आटोक्यात आहे आणि त्यावरून गिऱ्हाईक टिकून असल्याचा निष्कर्ष तू काढला आहेस. तो मला मान्य करता येत नाही. बिलांवरून फक्त माल घेऊन गेलेल्यांची गणती होते. काउंटरपर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतलेल्यांचा, किंवा फोन उचलला गेला नाही म्हणून दुसरीकडे वळलेल्यांचा मागमूसही त्यात नसतो. ही माणसे भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, त्यामुळे ती गेल्याचे कळायला फार उशीर होतो.

आपण दुचाकीच्या सुट्या भागांचे व्यापारी, म्हणून उदाहरणही त्याच क्षेत्रातले देतो. बजाजची चेतक १९७२ च्या सुमारास बाजारात आली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती, नोंदणी केल्यावर कित्येक वर्षे वाट पाहावी लागे आणि परकीय चलनात पैसे भरू शकणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे. एवढी लांब रांग पाहून कोणत्याही कारखानदाराला आपल्या मालावर लोकांचे प्रेम आहे असे वाटेल, आणि चेतकवर ते होतेही. परंतु त्या रांगेत दुसरा पर्याय नाही म्हणून उभे असलेले किती, हे रांगेकडे पाहून कधीच समजले नसते.

पर्याय आला तेव्हा ते समजले. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. तिचे इंजिन फोर स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नव्हते आणि ॲव्हरेज स्कूटरपेक्षा पुष्कळ जास्त होते. कायनेटिक होंडाने बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. रोज सकाळी चेतक एका अंगावर कलती करून किक मारणारा माणूस हे सारे शेजाऱ्याच्या दारात पाहत होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला.

बजाजने मोटारसायकलींत उत्तम जम बसवला, पल्सरचे यश तर सर्वांसमोर आहे. संधी गेली ती हलक्या, गिअर नसलेल्या स्कूटरची. नोकरीला निघालेल्या स्त्रिया, कॉलेजच्या मुली, गुडघे दुखणारे वडीलधारे अशा सर्वांना ती हवी होती. सनी, स्पिरिट, सफायर या गाड्या कंपनीने काढल्या, पण त्यांच्यामागे चेतकच्या तोडीचा जोर लावला गेला नाही असे माझे मत आहे. पुढे होंडाची ॲक्टिव्हा आली आणि हे गिऱ्हाईक तिकडे गेले. २००९ च्या अखेरीस बजाजने केवळ मोटारसायकलींवर लक्ष देण्यासाठी स्कूटरमधून बाहेर पडण्याचे जाहीर केले. ताळेबंदाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यही असेल; तरीही २०२० मध्ये चेतक हेच नाव विजेवरच्या स्कूटरला देऊन कंपनी त्या बाजारात परतली, यावरून सोडलेल्या गिऱ्हाइकाचे मोल ध्यानात यावे.

आता तुझ्या काउंटरकडे ये. मेकॅनिक गाडी खोलून ठेवून येतो आणि ॲक्टिव्हाचा बेल्ट मागतो. तुझ्याकडचा मुलगा मोबाइलवरून नजर न काढता ‘नाही’ म्हणतो. त्या ‘नाही’मुळे एका बेल्टचे पैसे गेले असे समजू नकोस. मेकॅनिक ज्या दुकानात बेल्ट घेईल, तेथेच रोलर, ब्रेक शू, केबल आणि ऑइलही घेईल. तेथे त्याचे खाते उघडले, की पुढच्या गाडीचा मालही तेथूनच जाईल. याउलट ‘आत्ता नाही, पण तासाभरात मागवून देतो, नंबर सांगून ठेवा’ असे म्हटले आणि तो शब्द पाळला, तर बेल्ट शेजारच्या दुकानातून आणून नफा न घेता दिला तरी चालेल. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ फार मोलाची आहे. त्या वेळी गॅरेजवाले व्हॉट्सॲपवर भागाचा फोटो पाठवतात. दुपारी दिलेले उत्तर त्यांच्या काही उपयोगाचे नसते.

यासाठी काउंटरवर एक साधी वही ठेव. मागितलेला जो भाग देता आला नाही तो, कोणत्या गाडीचा, कोणी मागितला आणि आपण काय उत्तर दिले, एवढेच त्यात लिहायचे. संगणकात नंतर भरू म्हटले, की ते राहून जाते, म्हणून नोंद तेथल्या तेथे झाली पाहिजे. हे काम त्या मुलावर सोपवलेस तरी रात्री दुकान बंद करताना पान स्वतः वाच. विजेवरच्या गाड्यांच्या भागांची चौकशी स्वतंत्र रकान्यात असू दे. आज ती तुला तुरळक वाटेल, पण तो माल कधी भरायचा हे त्याच रकान्यावरून ठरेल.

महिनाअखेरीस विक्रीच्या तक्त्याबरोबर या वहीच्या पानांचे फोटोही पाठव. जो भाग पुन्हा पुन्हा आलेला दिसेल तो मागवण्याविषयी आपण फोनवर बोलू. आईची तब्येत आता बरी आहे.

कळावे,
तुझे बाबा