बेन आल्डरला जायच्या आधी

ग्लासगो (स्कॉटलंड), ५ मे

ती. आई-बाबांस,
सा. न.

मागच्या ऑक्टोबरात डोंगरावरून आल्यावर मी स्टेटसला फोटो टाकले आणि तुम्हाला ते आत्याकडून कळलं. त्यानंतर चार दिवस बाबा फोनवर नुसतं "हं" आणि "बरं" करत होते. म्हणून या वेळी आधी सांगते. फोनवर सांगायला गेले तर आई दुसऱ्याच वाक्याला अडवेल, म्हणून लिहून सांगते.

येत्या १६ तारखेला, शनिवारी, ऑफिसातली एक सहकारी आणि मी बेन आल्डर नावाच्या डोंगरावर निघालोय. सोमवारची रजा टाकली आहे. उंची ११४८ मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळजवळ पाचशे मीटर कमी, हे बाबा लगेच काढतीलच. पण कळसूबाईला पायथ्याशी बारी गाव आहे, शिड्या आहेत, लिंबू सरबतवाला आहे. इथे पायथा गाठायलाच एक दिवस जातो. वाटेत गाव नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. इथे ३००० फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची यादी केली, आज त्यात २८२ नावं आहेत आणि लोक एकेक खूण करत आयुष्यभर फिरतात. मला यादीबिदी संपवायची नाही. हा माझा सातवा.

बाबा, आगगाडीचं तुमच्यासाठी. ग्लासगोहून सकाळी निघून साधारण तीन-सव्वातीन तासांनी कोराउरला उतरायचं. या स्टेशनाला सार्वजनिक रस्ताच नाही, यायचं ते गाडीने नाहीतर पायी. ब्रिटनच्या मेन लाइनवरचं सगळ्यात उंच स्टेशन म्हणून मिरवतात, आणि उंची किती, तर ४०८ मीटर! लोणावळा याच्याहून दोनशे मीटर वर आहे म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण ही लाइन १८९४ साली ज्या जमिनीवरून नेली ती बघायला हवी. रॅनॉखचं माळरान म्हणजे मैलोन्‌मैल दलदल. टाकलेला भराव ती गिळायची. शेवटी झाडांची मुळं आणि फांद्यांचे भारे अंथरले, त्यावर माती आणि राख ओतली, आणि त्या गादीवर रूळ टाकले. आजही गाडी त्यावरूनच जाते. तुम्ही घाटात कातळ फोडलेल्या लाइनीवर नोकरी केलीत, ही पाण्यावर तरंगती.

स्टेशनापासून ऑसियन नावाच्या तळ्याच्या काठाने, मग 'उश्के लावर' ओढ्याच्या कडेने वर. (उश्के म्हणजे पाणी. व्हिस्की हा शब्द त्यातूनच आला. बाबा, एवढंच लक्षात ठेवू नका.) एकूण सोळा-सतरा किलोमीटर, शेवटचा भाग चिखलाचा. मुक्काम बॉथीत. बॉथी म्हणजे डोंगरातलं कुलूप नसलेलं घर. कुणीही यावं, राहावं, झाडून जावं, पैसे नाहीत. गडावरच्या देवळात आपण पथारी टाकायचो तसंच. हे घर १९६५ पासून काम करणारी स्वयंसेवकांची एक संस्था सांभाळते. दिवे नाहीत, नळ नाही, संडासही नाही, एक फावडं ठेवलेलं असतं. आई, पुढचं वाचू नकोस. तिथे भूत असल्याचं सांगतात. मॅककुक नावाच्या जुन्या रहिवाशाने फास घेतला, अशी अफवा. तो बिचारा निवृत्त होऊन आपल्या अंथरुणात वारला होता.

भुतापेक्षा खरी गोष्ट भारी आहे. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनची लढाई हरल्यावर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट जीव घेऊन डोंगरादऱ्यांत फिरत होता. सप्टेंबरात तो याच बेन आल्डरच्या उतारावर क्लूनी मॅकफर्सन या सरदाराच्या लपणीत काही दिवस राहिला आणि तिथून निघून फ्रान्सला निसटला. क्लूनी स्वतः १७५५ पर्यंत आपल्याच मुलखात लपून होता. सरकारी फौजा शोधत होत्या, पण गावकऱ्यांनी त्याला धरून दिलं नाही. सह्याद्रीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

रविवारी माथा. बॉथीपासून चढ साधारण ७९० मीटर, अंतर साडेपाच-सहा किलोमीटर. नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला हिशोब इथे अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे अडीच तास. आम्ही चार धरलेत. दुपारी दोनपर्यंत माथा आला नाही तर असू तिथून मागे. मे महिन्यात रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, तरी वेळेची चैन करायची नाही. शुक्रवारी रात्री डोंगराचा हवामान अंदाज बघू, आणि वारा फार असेल तर तिकिटाचे पैसे गेले असं समजू.

धोका आहे तो माथ्यावरच. वरती हजार मीटरवर मोठं सपाट पठार आहे आणि पूर्वेला एकदम कडा. कडेला मे महिन्यातही बर्फाची झालर राहते, पाय टाकला तर खाली जमीन नसते. ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. बाबा, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अलीकडे धुकं आलं तेव्हा तुम्ही आम्हा दोघांना खाली बसवलंत, आणि माझ्या सॅकचा पट्टा मुठीत धरून तासभर तसेच बसलात. दादा कुरकुरत होता. तुम्ही एकदाच म्हणालात, "कडा कुठे पळून जात नाही." त्या दिवशी कडा न बघताच आपण उतरलो. मला त्याचा राग बरीच वर्षं होता, हे आज सांगून टाकते. नकाशा आणि होकायंत्र दोघींकडे आहे, आणि ते फोनवर विसंबून न राहता वापरता येतं.

आई, जेवणाचं: दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, आणि तू पाठवलेल्या गोड्या मसाल्याची खिचडी. कानटोपी, दोन स्वेटर, रेनकोट, जादा मोजे घेतलेत. मे मध्ये इथल्या त्या चावऱ्या चिलटांचा हंगाम नुकता सुरू होतो, म्हणून जून टाळला.

आता महत्त्वाचं. शनिवारी दुपारपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत माझा फोन लागणार नाही. लावू नका. सोमवारी परतीच्या गाडीत रेंज आली की आधी तुम्हाला मेसेज. इथल्या एका मैत्रिणीकडे रस्ता, वेळा, कपड्यांचे रंगसुद्धा लिहून दिलेत. रात्री दहापर्यंत तिला काही कळलं नाही तर ती ९९९ ला फोन करून पोलिसांना माउंटन रेस्क्यूला कळवायला सांगेल. ही सगळी स्वयंसेवक माणसं, पैसे घेत नाहीत. तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्रीचे अडीच वाजलेले असतील. जागू नका, असं लिहिते आहे खरी.

बाबा, तुमची गार्डची शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधली आहे. डोंगरात मदत मागायची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. काल स्वयंपाकघरात वाजवून बघितली. तिसऱ्याच शिट्टीला खालच्या आजींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

तुमची,
धाकटी