गणपतीला येत नाहीये, पण आधी पत्र पूर्ण वाचा

ब्रेमेन, जर्मनी, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई लगेच "बरं बरं, तुझं तू बघ" म्हणाली असती आणि बाबा फोन घेऊन गॅलरीत गेले असते. म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, मध्येमध्ये बोलू नका.

मी गणपतीला येत नाहीये. तिकीट परवाच रद्द केलं. थोडे पैसे कापले गेले, किती ते विचारू नका. आणि प्रबंध पुढच्या वर्षी मार्चऐवजी सप्टेंबरमध्ये देणार आहे. प्रबंधाच्या बाईंशी बोलून झालंय, वर्गाचे पैसे भरून झालेत. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय. हे वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा तसंच लिहिलं.

कारण जर्मन. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुट्टीत रोज सकाळी नऊपासून वर्ग, शेवटी बी-२ ची, म्हणजे चौथ्या पायरीची परीक्षा. प्रबंध पुढे गेल्याने लागणाऱ्या जादा सेमिस्टरला इथे फी पडत नाही, नेहमीची वर्गणी तेवढी भरायची, त्यातच ट्रामचा पास येतो. हे बाबांसाठी लिहिलंय.

"कोर्स इंग्रजीत आहे म्हणून तर तिकडे गेलीस ना?" हो बाबा. वर्गात इंग्रजी, प्रयोगशाळेत इंग्रजी. पण बाहेर पडलं की मी मुकी. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते भाषा शिकण्यात घालवू की मुलाखती देण्यात? बोट क्लब रोडवर मॅक्समुल्लर भवनाबाहेर तुम्ही स्कूटरवर बसून पेपर वाचत थांबायचात, त्या ए-१ वर, म्हणजे पहिल्या पायरीच्या जर्मनवर, दुकानात पाव मिळतो, नोकरी नाही.

आता एक सांगते, पण मी ठणठणीत आहे हे आधी वाचा. एप्रिलमध्ये "थोडी सर्दी आहे" म्हणाले होते, ती सर्दी नव्हती. चार दिवस ताप होता. दवाखान्यात फोन केला आणि इंग्रजीतल्या 'आय अ‍ॅम हॉट'वरून जुळवून "इश बिन हाइस" म्हणाले. त्याचा अर्थ काय होतो ते इथे लिहीत नाही, आई मोठ्याने वाचतेय. पलीकडची बाई गप्प झाली, मग भरभर काहीतरी विचारायला लागली. मला एक अक्षर कळेना. मी फोन ठेवून दिला आणि पांघरुणात शिरून रडले. आई, खरं सांगते, तेव्हा तुझी सुंठ-साखर आठवली, औषध नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ट्राममध्ये त्यांनी माझं वाक्य दुरुस्त केलं: "मिअर इस्ट हाइस." मिअर म्हणजे मला. मला गरम होतंय. मिअर इस्ट काल्ट, मला थंडी वाजतेय. एकशे दोन तापात मी मनातल्या मनात ओरडले, अगं हे तर आईचं मराठी आहे!

वर्षभर मी ही भाषा इंग्रजीच्या खिडकीतून बघत होते आणि दार आपल्याकडे होतं. जर्मनच्या वर्गातले इंग्रजीवाले देअर-दी-दास पाठ करून रडकुंडीला येतात. आपल्याकडे तो-ती-ते आहेच. लिंगं जुळत नाहीत म्हणा, त्यांचा चंद्र 'तो' आहे पण सूर्य 'ती'. मुलगी तर चक्क नपुंसकलिंगी! सगळे हसले, मी नाही. मालवणची आजी म्हणायचीच ना, झील इलो, चेडू इला, म्हणजे मुलगा 'आला' पण मुलगी 'आलं'. चोवीसला ते 'चार आणि वीस' म्हणतात, सगळ्यांचे आकडे उलटे होतात. माझे होत नाहीत, आपण चोवीसच म्हणतो, आधी चार मग वीस. फक्त एकोणतीस त्यांना समजावता आलं नाही. 'कारण'नंतर क्रियापद शेवटी टाकायचं यावर जर्मनच्या बाई दोन तास घालवतात. आई, तू चौथीच्या पोरांना यात दोन मिनिटंही घालवली नसतीस. त्यांच्या 'त्स'साठी त्या सगळ्यांच्या तोंडापुढे कागद धरतात. मी 'चाक'मधला 'च' म्हणते, कागद हलतो.

म्हणूनच आत्ता थांबवत नाहीये. आत्ता कुठे धागा हातात आलाय. दीड महिना घरी आले की तुझ्या हातचं खाऊन सगळं विसरणार, माझं मला माहीत आहे.

आजींनी परवा मला 'झी' सोडून 'डू' म्हणायला सांगितलं, म्हणजे अहो-जाहोवरून अगं-तुगंवर. इथे मोठ्यांनीच ते आधी सुचवायचं असतं. मला पटकन जमेना. मग वाटलं, आजीला आपण 'तू'च म्हणतो की.

खाण्याची काळजी करू नका. तूरडाळ मिळते, तांदूळ बरा मिळतो. क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, तो फडक्यात बांधला की थेट चक्का. वेलदोडे मी आणलेले आहेत. हिटर चालतो, खोली विद्यापीठाला लागून आहे, सहा नंबरची ट्राम दारात. जाड कोट घेतला. बाबा, औंधच्या ब्रेमेन चौकात सिग्नलला तुम्ही म्हणायचात, "हे कुठलं गाव गं?" तर ते असं आहे, सपाट आणि ओलं. इथल्या चौकात गाढव-कुत्रा-मांजर-कोंबडा असा एकावर एक पुतळा आहे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची. मी पहिल्याच आठवड्यात एका हाताने धरले. एक आजोबा हसून म्हणाले, एका हाताने म्हणजे एक गाढव दुसऱ्याला भेटतंय.

आता ऐका. बाबा, साखरेचा, एचबीएवनसीचा रिपोर्ट मला पाठवा, "नॉर्मल आहे" हे शब्द नकोत, आकडा हवा. सकाळची गोळी चहाच्या कपाशेजारी ठेवा. आई, तू माळ्यावर चढायचं नाही. मोदकपात्र बाबा काढतील, नाहीतर वॉचमनला सांगा. गुडघा दुखत असेल तर यंदा अकराच मोदक कर, एकवीसचा हट्ट नको, बाप्पाला चालतं. माझ्याशिवाय पाकळ्या कोण काढणार म्हणू नकोस. बाबांना शिकव. फुटले तर त्यांनीच खायचे, पण दोनच.

आरती तुमच्याकडे बारा वाजता, म्हणजे माझ्याकडे साडेआठ. वर्ग नऊला. फोन देवासमोर उभा करा, समईच्या मागे नको, मागच्या वेळी मला फक्त ज्योत दिसत होती. 'घालीन लोटांगण'पर्यंत थांबेन, मग पळेन.

फेब्रुवारीत नक्की येते. तेव्हा हुरडा असेल.

तुमची,
चेडू

ता. क. कुकरची रिंग बदलली का? आई, फोनवर शिट्टी अजून फुसफुसल्यासारखी ऐकू येते.