सईच्या पीएच.डी.बद्दल

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबा, सईला परदेशात एम.ए. करायला दांडिया बाजारातलं घर तारण ठेवू नका. ग्रीस-रोमच्या प्राचीन इतिहासात कर्ज काढून घेतलेल्या एका वर्षाच्या पदवीवर नोकरी मिळत नाही. तिने पीएच.डी.लाच अर्ज करावा. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, बर्कली अशा विद्यापीठांत निवड झाली की फी माफ असते, वर साधारण पाच वर्षं विद्यावेतन. बदल्यात काही सत्रं शिकवायचं: प्राध्यापकांच्या व्याख्यानानंतर मुलांच्या छोट्या गटाची चर्चा घ्यायची, निबंध तपासायचे. विद्यावेतनाशिवाय प्रवेश देऊ केला, तर सरळ नाही म्हणावं.

घोडं अडतं ते भाषांपाशी. इतिहासात पहिला वर्ग असला तरी ग्रीक-लॅटिन कच्चं असेल तर अर्ज मागे पडतो, कारण पुढे मूळ ग्रंथ भाषांतराच्या आधाराशिवाय वाचून परीक्षा द्यावी लागते. म्हणून यंदा अर्जाची घाई नको. दोन वर्षं ग्रीक, निदान एक वर्ष लॅटिन ऑनलाइन होऊ दे. संशोधन वाचण्यापुरतं जर्मन बडोद्यातच शिकता येईल, फ्रेंच नंतर.

अर्जासोबत वीसेक पानांचा लेख लागतो. तिथे मुलं 'भारत-रोम व्यापार' असला अवाढव्य विषय घेतात आणि फसतात. सईने नर्मदेवरच्या भरूच बंदराचा एकच प्रश्न धरावा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात नर्मदेच्या मुखाचं फार बारीक वर्णन आहे: राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन येणाऱ्या जहाजांना सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, भरती लागली की जहाज ओढत आणि ओहोटीला ठरल्या जागी नांगर टाकत. त्याच पुस्तकात अपोलोडोटस आणि मिनँडर या भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांचे जुने द्रख्म, म्हणजे चांदीची नाणी, भरूचमध्ये तेव्हाही चालत असल्याचं लिहिलंय. हे राजे त्याआधी दोनेकशे वर्षांचे! मग ती नाणी इतकी टिकली कशी? एवढ्यावर उत्तम लेख होतो, आणि सईचं संस्कृत-प्राकृत इथे खरं कामी येतं.

आई, शिफारसपत्रासाठी मोठं नाव शोधायला तिला सांगू नकोस. जे तिच्याकडून ग्रीक वाचून घेतात, त्यांचंच पत्र वजनदार. अर्ज बहुधा डिसेंबरात बंद होतात, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि होकार १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. अर्जाची फी माफ होते का, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्यावं.

तुमची,
मृणाल