अभ्यास कसा करायचा, याचा तास वेळापत्रकात हवा

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य, पर्वरी
यांस,

महोदय,

प्रथम वर्षाच्या पहिल्या आयएसएचे (सत्राच्या मधल्या अंतर्गत परीक्षेचे) पेपर तपासून झाले की स्टाफरूममध्ये दरवर्षी तेच वाक्य ऐकू येते : मुले वाचत नाहीत. मी उत्तर गोव्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि मला ते पटत नाही. मुले वाचतात, परीक्षेच्या आदल्या रात्री तर जागून वाचतात. वाचलेल्याचे पुढे करायचे काय, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. झेरॉक्स काढलेल्या नोट्सची पानेच्या पाने मार्करने पिवळी केलेली असतात. सगळेच पिवळे, मग त्यातले महत्त्वाचे कोणते?

आपल्याकडे याला एक खास कारण आहे. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोणातली कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत सगळे विषय एकदम इंग्रजीतून समोर येतात. त्या वयात तग धरायला पाठांतराशिवाय दुसरे काय असते हाताशी? ते बारावीपर्यंत चालते, गुणही देते. कॉलेजात 'चर्चा करा' असा प्रश्न आला की पाठ केलेली व्याख्या लिहून मुलगी थांबते. हीच मुलगी चतुर्थीच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) सामानाचे भाव का चढतात आणि चढले तरी गिऱ्हाईक का हटत नाही, हे मला मराठीतून मुद्देसूद सांगते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते, ती तिला कळलेली असते, उत्तरपत्रिकेत ती उतरत नाही. (शिक्षण कोणत्या माध्यमातून असावे, या वादात मला शिरायचे नाही. त्यावर पुरेशी भाषणे झाली आहेत.)

कागदावर पाहाल तर सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात क्षमतावर्धनाच्या अभ्यासक्रमांना ८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि चिकित्सक वाचन, शैक्षणिक लेखन यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गोव्यात पदवीला २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. पण मी पाहिलेल्या वर्गांत हे तास बायोडेटा आणि नोकरीच्या अर्जातच संपतात. दुसरीकडे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला 'स्लो लर्नर' आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर' यांच्यासाठी वेगळे काय केले, ते दाखवावे लागत आले आहे. मग यादी निघते, शनिवारी दुपारी तास लागतो, हजेरीपट आणि फोटो फायलीत जातात. 'स्लो' म्हणून नोटीस बोर्डावर नाव लागलेला मुलगा त्या तासाला हौसेने येईल, असे ज्यांना वाटते त्यांना स्वतःचे अठरावे वर्ष आठवत नसावे. आणि आलाच, तरी त्याचे अर्धे लक्ष गावच्या कदंब बसकडे असते. ती चुकली की पुढची कधी, हे आपल्या परिवहन खात्यालाच विचारावे.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेने १९७३ मध्ये याच अडचणीतून वाट काढली. कच्ची मुले शोधायचे सोडून त्यांनी अवघड पेपर, म्हणजे विषय, शोधले. ज्या पेपरात मुले जास्त गळतात, त्याला जोडून आठवड्याचे ठरावीक तास ठेवले. हे तास, तोच पेपर चांगल्या गुणांनी सोडवलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी घेतो. तो त्या विषयाच्या तासाला पुन्हा बसतो, नोट्स घेतो आणि नंतर मुलांसोबत त्यांवर काम करतो. तासाला कोणीही यावे, हुशारानेही. त्यामुळे तिथे जाण्यात कमीपणा राहत नाही.

हे इथे करायला नवी इमारत लागत नाही. कोणत्या पेपरात केटी (नापास होऊन मागे राहिलेले पेपर) साचतात, ते विद्यापीठाच्या निकालांत दिसतेच. तिसऱ्या वर्षाची मुलगी मराठी-कोकणीत समजावील आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घेईल. हे आम्हा प्राध्यापकांपेक्षा तिला चांगले जमेल, कारण तिने तो घाट नुकताच चढलेला असतो. तिला मानधन द्यावे. समाजसेवेचे प्रमाणपत्र देऊन बोळवण करू नये.

या तासांत करायचे काय, तेही फार गूढ नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले : वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६. आमची मुले नेमकी पहिल्या गटातली. पुस्तक मिटून लिहायची सवय एका सत्रात लावता येते. लांबलचक इंग्रजी परिच्छेदाचा गाभा दोन ओळींत काढणे, दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचे नाव देणे, हेही त्याच तासांत बसते. नाव देण्याची सवय आताच लागायला हवी, कारण संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहायचा आहे. प्रबंधाच्या वेळी सॉफ्टवेअरने उचलेगिरी पकडून दिली, तर त्याचा उपयोग फक्त सॉफ्टवेअर विकणाऱ्याला.

उच्च शिक्षण संचालनालयाच्या 'दिष्टावो' या ऑनलाइन उपक्रमात गोव्यातल्याच शिक्षकांची विषयवार व्याख्याने आहेत. ती ऐकताना टिपणे कशी काढावीत, याचे चार-पाच छोटे व्हिडिओ मराठी आणि कोकणीतून तिथे घालता येतील.

महोदय, मागणी एवढीच : प्रथम वर्षाच्या अवघड पेपरांना हे तास जोडावेत, ते सकाळच्या वेळापत्रकातच असावेत, आणि त्यांसाठी यादी काढू नये. परिपत्रक मेमध्ये निघाले तर आम्हाला वर्ग आणि वेळ राखून ठेवता येईल. ऑगस्टमध्ये निघाले तर तेव्हा फक्त शनिवारची दुपार रिकामी असेल.

आपला,
उत्तर गोव्यातील एक प्राध्यापक