तक्रार: 20 सप्टेंबर 2025 चा कंट्री गायकाचा शो, जी तारीख तुमच्या हातात नव्हतीच ती आम्हाला विकल्याबद्दल

प्रति,
मॅनेजर, कस्टमर सपोर्ट, पुणे ऑफिस

नमस्कार,

मराठीत लिहितोय कारण या बुकिंगचं सगळं बोलणं तुमच्या पुण्याच्या ऑफिसमधल्या मॅडमशी मराठीतच झालं. मी इथे अमेरिकेत टेनेसीत, नॅशव्हिलपासून तासाभरावर राहतो, आणि एवढ्या लांब फोनवर आपली भाषा ऐकली म्हणून जरा जास्तच विश्वास टाकला हे खरंय. इंग्रजीत तीन मेल केले, तिन्हीला तेच छापील उत्तर आलं. आता नीट वाचा.

आमच्या गावात फायर ब्रिगेड पगारी नाही, गावातलेच लोक आपापली नोकरी सांभाळून आग विझवायला जातात, मीही दोन वर्षं त्यांच्या कमिटीत आहे. धुरात शिरताना पाठीवर घ्यायचे हवेचे सेट जुने झालेत, ते घ्यायला पैसे उभे करायचे म्हणून कंट्री म्युझिकचा, म्हणजे इथल्या गावाकडच्या संगीताचा, शो ठरवला. हायस्कूलचा हॉल, साडेचारशे खुर्च्या, तिकीट 40 डॉलर. गायक कोण ते इथे लिहीत नाही कारण त्यांची काहीच चूक नाही आणि त्यांचं नाव या भानगडीत नको, तुमच्या रेकॉर्डला आहेच. ऐंशी ओलांडलेला माणूस, सत्तरच्या दशकात इथल्या प्रत्येक ट्रकमध्ये ज्यांचा आवाज असायचा असा. माझ्या शेजारचे आजोबा, आमच्या ब्रिगेडच्या पहिल्या लोकांपैकी एक, त्यांनी 1973 साली बायकोबरोबर नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये ऑप्रीच्या, म्हणजे रेडिओवरून चालणाऱ्या इथल्या जुन्या कंट्री कार्यक्रमाच्या, शोला या गायकांना ऐकलेलं, ऑप्री 1974 ला तिथून नव्या थिएटरात गेली त्याच्या आदल्या वर्षी. मी इथे नवीन आलो तेव्हा मला कंट्री ऐकायला त्यांनीच शिकवलं, त्यांच्या गॅरेजमध्ये बसून.

तुमच्या वेबसाइटवर या गायकाचा फोटो, खाली 'आत्ताच बुक करा'. फी 15000 डॉलर सांगितलीत. 11 मार्चला अर्धे म्हणजे 7500 डॉलर बँकेतून वायरने पाठवले, वर तुमचा सर्व्हिस चार्ज 1500. 14 मार्चला मेल आला की तारीख कन्फर्म आहे, जाहिरात सुरू करा. आम्ही पोस्टर छापले, लोकल रेडिओवर जाहिरात दिली. 312 तिकिटं गेली. आजोबांनी पहिल्या रांगेतली दोन घेतली, एक स्वतःला आणि एक बायकोच्या नावाची, त्या आता नाहीत.

19 ऑगस्टला मीच गायकाच्या ऑफिसला फोन केला. का केला ते सांगतो, कारण हे तुमच्या लक्षातच आलं नसावं. आमचा बँड लोकल होता, त्यातला पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, वाजवणारा आयुष्यभर नॅशव्हिलच्या स्टुडिओत वाजवलेला माणूस. तो एप्रिलपासून गाण्यांच्या पट्ट्या मागत होता. वय झालं की गळा खाली येतो, रेकॉर्डवर ज्या पट्टीत गाणं आहे त्या पट्टीत आता म्हणत नाहीत. इथे कॉर्ड, म्हणजे गाण्याला साथ देणारे एकत्र वाजवायचे सूर, नावाने न लिहिता आकड्याने लिहितात, नॅशव्हिल नंबर सिस्टीम म्हणतात तिला, म्हणजे पट्टी कुठलीही असो तोच कागद चालतो, पण पट्टी तरी कळायला हवी ना. मॅडम दर वेळी म्हणायच्या पुढच्या आठवड्यात पाठवते. चार महिने पुढचा आठवडा आला नाही. पट्ट्या तुम्ही देऊच शकत नव्हतात, कारण गायकाच्या माणसांशी तुमचं बोलणंच झालेलं नव्हतं.

त्यांच्या मॅनेजरने शांतपणे सांगितलं की 20 सप्टेंबरला ते टेक्सासमधल्या काउंटी फेअरला गाणार आहेत, सहा महिन्यांपूर्वी सही झालीय, तुमच्या कंपनीकडून फेब्रुवारीत फक्त एक चौकशीचा मेल आलेला, रकमेची लेखी ऑफर कधी आलीच नाही. त्यांचं बुकिंग एकच एजन्सी बघते आणि ती तुम्ही नाही. तुम्ही मधले दलाल आहात. दलाल असणं गुन्हा नाही, या धंद्यात चालतं ते, पण मग तसं सांगायचं ना. आधी लेखी ऑफर जाते, गायकाच्या बाजूने होकार येतो, करारावर सह्या होतात, मग डिपॉझिट आणि मग जाहिरात. तुम्ही डिपॉझिट आधी घेतलंत, जाहिरात करायला लावलीत आणि ऑफर पाठवलीच नाहीत.

माझं गाव जुन्नर तालुक्यात. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात, फडाचा मॅनेजर समोर बसून तारखांची वही बघतो, तारीख मोकळी असेल तरच बोलणं पुढे जातं आणि मग इसार हातात पडतो. लहानपणी वडिलांबरोबर मी हे बघितलंय. तुमच्याकडे ती वहीच नव्हती.

मॅडम फोनवर म्हणाल्या की सर, वयस्कर कलाकारांचं असं होतं, जॉर्ज जोन्स या जुन्या कंट्री गायकाला तर लोक नो शो जोन्स म्हणायचे. हे मला फार लागलं. जोन्स शो चुकवायचे ही गोष्ट खरी आहे, पण आमचा गायक कुठेही चुकला नाही, त्यांना आमच्या शोचा पत्ताच नव्हता. तुमच्या चुकीचा ठपका ऐंशी वर्षांच्या माणसाच्या वयावर ठेवू नका. आमच्या गावात आज कित्येक लोक समजतात की त्यांनीच ऐनवेळी टांग दिली, आणि ते मला दारोदार जाऊन खोडून काढावं लागतंय.

अजून एक. तुम्ही पाठवलेल्या रायडरमध्ये, म्हणजे कलाकाराला काय काय सोयी लागतात त्या यादीत, होतं की स्टेजला पायऱ्या नकोत, ड्रेसिंग रूम तळमजल्यावर, बसून गायला उंच स्टूल, शो नऊच्या आत संपवायचा. आम्ही सगळं केलं, ब्रिगेडच्या पोरांनी दोन रविवार घालवून स्टेजला लाकडी रॅम्प बांधला. गायकाच्या मॅनेजरला तो कागद दाखवला तर म्हणाले हा 2016 चा आहे, तुम्हाला दिला कोणी?

मग तुम्ही पर्याय म्हणून ट्रिब्यूट गायक, म्हणजे त्यांच्यासारखं गाणारा दुसराच माणूस, देऊ केलात, तीच गाणी, तशीच हॅट. ट्रिब्यूट करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण लोकांनी ज्या माणसासाठी पैसे दिले तो माणूस तो नव्हे. आम्ही नको म्हटलं आणि शो रद्द केला. त्यावर तुम्ही 15 टक्के प्रोसेसिंग कापून 6375 डॉलर परत देतो म्हणता, सर्व्हिस चार्ज तर नाहीच. कसली प्रोसेसिंग झाली ते मला एका ओळीत लिहून पाठवा.

आम्हाला 7500 पूर्ण, 1500 सर्व्हिस चार्ज, आणि पोस्टर-रेडिओचे 1140, असे एकूण 10140 डॉलर परत पाहिजेत. आजोबांसकट सगळ्यांना तिकिटाचे पैसे आम्ही आमच्या फंडातून देऊन टाकलेत, त्याचा हिशोब तुमच्याकडे मागत नाही. दुसरं, गायकाने शो रद्द केला नाही, चूक कंपनीची आहे, असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, ते मी फायर स्टेशनच्या बोर्डावर लावणार आहे. आणि ज्यांचं बुकिंग तुमच्याकडे नाही त्यांच्या फोटोखालचं ते बटण काढा, निदान 'आम्ही फक्त चौकशी करतो' एवढं तरी लिहा. 2025 हे ऑप्रीचं शंभरावं वर्ष, जुन्या गायकांना या वर्षी कितीतरी गावं बोलावत असतील, त्यातलं अजून एखादं गाव असंच अडकू नये.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट बघेन. नंतर टेनेसीच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार जाईल, कागद तयार आहेत. वायरची पावती, 14 मार्चचा मेल, रायडर आणि मॅनेजरचं लेखी उत्तर सोबत जोडलंय. पैसे ब्रिगेडच्या खात्यात टाका, माझ्या नको. खात्याचे डिटेल्स शेवटच्या पानावर आहेत.

आपला,
कमिटी मेंबर, गावची फायर ब्रिगेड, टेनेसी